निवृत्तीनंतरची अठ्ठेचाळीस वर्षे

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे नाव घेतले की हिंगण्याचा आश्रम आणि विधवाविवाह या दोन गोष्टी आपल्याला चटकन आठवतात. पण ज्या वयात माणसे पेन्शनीचा हिशेब मांडून आरामखुर्चीत विसावतात, त्या वयात अण्णांनी विद्यापीठ काढले. सत्तरी ओलांडल्यावर जगप्रवास केला, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी खेड्यांतल्या शाळांसाठी दारोदार वर्गणी मागितली आणि शहाऐंशीच्या उंबरठ्यावर जातिभेदाविरुद्ध नवी संस्था उभारली. एका मुखदुर्बळ गणिताच्या प्राध्यापकाच्या दीर्घ उत्तरायुष्याची ही कहाणी.

१९१४ साली फर्ग्युसन महाविद्यालयातून प्रा. धोंडो केशव कर्वे निवृत्त झाले, तेव्हा त्यांचे वय छप्पन्न वर्षांचे होते. त्या काळाच्या मानाने हे वय म्हातारपणाचेच. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य म्हणून त्यांनी वीस वर्षांहून अधिक काळ गणित शिकवले होते. विधवांसाठीचा आश्रम हिंगण्याला स्थिरावला होता, मुलींची शाळा चालू होती, कार्यकर्त्यांची एक फळी तयार झाली होती. लौकिक अर्थाने त्यांचे जीवितकार्य पूर्ण झाले होते. पुढच्याच वर्षी, १९१५ मध्ये, त्यांचे ‘आत्मवृत्त’ही प्रसिद्ध झाले. आत्मचरित्र लिहून झाले म्हणजे सांगण्यासारखे सारे घडून गेले, असाच सर्वसाधारण समज असतो.

प्रत्यक्षात तोपर्यंत त्यांच्या आयुष्याचा जेमतेम निम्मा भाग सरला होता. निवृत्तीनंतर कर्वे आणखी अठ्ठेचाळीस वर्षे जगले आणि आज ज्या कामांमुळे त्यांचे नाव देशभर ओळखले जाते, त्यांतले सर्वांत मोठे काम त्यांनी या उत्तरार्धात केले. मात्र या उत्तरार्धाची मुळे पूर्वार्धात, कोकणातल्या मुरूड गावात रुजलेली आहेत. म्हणून थोडे मागे जाणे आवश्यक आहे.

मुरूडचा मुलगा

रत्नागिरी जिल्ह्यातील दापोलीजवळचे मुरूड हे कर्व्यांचे गाव. १८ एप्रिल १८५८ रोजी शेरवली येथे, आजोळी, त्यांचा जन्म झाला. घरची परिस्थिती बेताची. पण आईवडील मानी. गावात सोमण गुरुजी म्हणून एक शिक्षक होते. गावासाठी काहीतरी केले पाहिजे, ही त्यांची तळमळ. वर्तमानपत्र गावात येऊ लागले तेव्हा ते चार लोकांना देवळात वाचून दाखवण्याचे काम त्यांनी या लाजाळू मुलाकडे सोपवले. बोलण्याची भीड असलेला हा मुलगा दुसऱ्याने लिहिलेले का होईना, पण लोकांसमोर मोठ्याने वाचू लागला. सार्वजनिक कामाची ही पहिली दीक्षा.

सहावीच्या परीक्षेची त्यांची हकीकत पुढे अनेक पिढ्यांच्या शालेय पुस्तकांतून सांगितली गेली. १८७५ साल. परीक्षा मुंबईला द्यायची, पण पावसाळी समुद्रामुळे बोट मिळेना. मग सोबत्यांबरोबर सातारचा रस्ता धरायचे ठरले. पाठीवर ओझे, वाटेत घाट, अंतर शंभर मैलांहून अधिक. पायांना फोड आलेल्या अवस्थेत साताऱ्यास पोचल्यावर परीक्षा समितीपुढे उभे राहिले, तर हा मुलगा सतरा वर्षांचा दिसत नाही, असे म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिले नाही. आल्या वाटेने परतण्याखेरीज इलाज नव्हता. पुढे ती परीक्षा ते कोल्हापूरहून उत्तीर्ण झाले.

ही गोष्ट बहुधा चिकाटीचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. पण तिचा दुसरा अर्थही ध्यानात घेण्याजोगा आहे. शिक्षणाची संधी मिळवण्यासाठी खेड्यातल्या मुलाला किती दूर चालावे लागते, हे कर्व्यांनी स्वतःच्या पायांनी मोजले होते. त्यांची सारी शैक्षणिक वाटचालच उशिराची होती. मॅट्रिक झाले तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते. १८८४ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून बी. ए. झाले, तेव्हा ते सव्वीस वर्षांचे गृहस्थ होते. उशीर झाला म्हणून काही सोडून द्यायचे असते, ही कल्पनाच त्यांच्या वाट्याला कधी आली नाही.

मुंबईत शाळांतून आणि खासगी शिकवण्यांतून मिळणाऱ्या पैशातला ठरावीक हिस्सा ते बाजूला काढीत. त्यातून ‘मुरूड फंड’ उभा राहिला. बाहेरगावी गेलेल्या मुरूडकरांनी आपल्या गावासाठी वर्गणी द्यावी, गावाच्या शिक्षणाला आणि सार्वजनिक कामांना तिचा उपयोग व्हावा, अशी ती योजना. तरुण कर्व्यांचे पहिले स्वप्न हे असे होते: आपले खेडे. हे स्वप्न पुढे जवळजवळ पन्नास वर्षे मागे पडले.

गावाने टाकलेला माणूस

१८९१ मध्ये दोन गोष्टी घडल्या. पहिल्या पत्नी राधाबाई यांचे निधन झाले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस गोपाळ कृष्ण गोखले यांच्या निमंत्रणावरून कर्वे पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले. लहान वयाच्या मुलीशी दुसरे लग्न करणे त्या काळी अगदी रूढ होते. कर्व्यांनी मात्र विधवेशीच विवाह करायचा निश्चय केला. ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी आपले स्नेही नरहरपंत जोशी यांच्या भगिनी गोदूबाई यांच्याशी विवाह केला. गोदूबाई या पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकत होत्या. लग्नानंतर त्या आनंदीबाई झाल्या; पुढे सारा महाराष्ट्र त्यांना ‘बाया कर्वे’ म्हणून ओळखू लागला.

या विवाहाची बातमी मुरूडला पोचली तेव्हा गावाने बहिष्काराचा निर्णय घेतला. ज्या गावासाठी कर्व्यांनी फंड उभारला होता, त्याच गावात त्यांना आपल्याच घरी राहणे अशक्य झाले. ते घरी उतरले तर घरच्या माणसांवरही बहिष्कार पडणार होता. आईला मुलाच्या भेटीसाठी समाजाची भीती बाळगावी लागली. या प्रसंगाने कडवट होऊन समाजकार्य सोडून दिले असते, तरी कोणी त्यांना बोल लावला नसता. त्यांनी गावाला दोषही दिला नाही आणि आपला मार्गही बदलला नाही.

पुनर्विवाहाच्या प्रसारासाठी त्यांनी मंडळी काढली. पण अनुभवाने त्यांच्या ध्यानात आले की, विवाह हा मोजक्या विधवांचा मार्ग आहे. शिक्षण हा सर्वांचा होऊ शकतो. म्हणून १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम मंडळीची स्थापना झाली. प्लेगच्या दिवसांत शहरात आश्रम चालवणे कठीण झाले, तेव्हा रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्याला जमीन दिली. १९०० साली त्या माळावर एक झोपडी उभी राहिली. दिवसा महाविद्यालयात गणित शिकवायचे आणि काम आटोपले की चार मैल चालत हिंगणे गाठायचे. चिखल असो वा काळोख, वर्षानुवर्षे हा क्रम चालू राहिला.

१९०७ मध्ये सर्वच मुलींसाठी महिला विद्यालय निघाले आणि १९०८ मध्ये, या संस्थांना आयुष्य वाहणारे कार्यकर्ते मिळावेत म्हणून निष्काम कर्म मठ. आश्रम नीट उभा राहण्याआधीच अण्णा नवी शाळा काढतात, शाळेचे बस्तान बसण्याआधीच मठ काढतात, ही सहकाऱ्यांची तक्रार तेव्हापासूनची. पैसा तोच, माणसे तीच आणि संस्था मात्र वाढत चाललेल्या. तक्रार अगदीच निराधार नव्हती.

टपालाने आलेली पुस्तिका

निवृत्तीच्या सुमारास कर्व्यांच्या हाती टपालाने एक पुस्तिका आली. तोक्योमध्ये जिन्झो नारुसे यांनी १९०१ साली स्थापन केलेल्या जपानच्या महिला विद्यापीठाची माहिती तिच्यात होती. कर्व्यांनी ती चाळली आणि ठेवून दिली. इतकी मोठी गोष्ट आपल्याकडे होण्यासारखी नाही, असे त्यांना वाटले असावे.

१९१५ च्या डिसेंबरमध्ये मुंबईस भरणाऱ्या राष्ट्रीय सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. अध्यक्षीय भाषण तयार करायचे होते. भाषण हा कर्व्यांचा प्रांत नव्हे. विषयाचा विचार करताना त्यांना त्या पुस्तिकेची आठवण झाली. त्यांनी ती पुन्हा काढली आणि या वेळी लक्षपूर्वक वाचली. अध्यक्षीय भाषणातच त्यांनी हिंदुस्थानात महिला विद्यापीठ स्थापन करण्याची कल्पना मांडली.

मुंबई विद्यापीठाची पदवी स्त्रियांना बंद नव्हती. पण तिथवर पोचणाऱ्या मुली बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. सारे शिक्षण इंग्रजीतून, अभ्यासक्रम पुरुषांच्या नोकरीच्या गरजा पाहून आखलेला आणि वेळ फार लागणारा. मुलींची लग्ने लवकर होत. इतकी वर्षे त्यांना शाळा-महाविद्यालयात ठेवण्यास पालक राजी नसत. कर्व्यांची योजना अशी होती की, शिक्षण मातृभाषेतून द्यावे, इंग्रजी हा एक विषय म्हणून शिकवावा आणि अभ्यासक्रमात आरोग्य व गृहशास्त्र यांसारखे विषय असावेत. पदव्यांची नावेही देशी असावीत. त्यानुसार पुढे पदवीधर स्त्रीला ‘गृहीतागमा’ आणि त्यावरच्या पदवीला ‘प्रदेयागमा’ म्हणू लागले.

योजनेवर टीका दोन्ही बाजूंनी झाली. जुन्या वळणाच्या मंडळींना स्त्रियांचे उच्च शिक्षणच नको होते; पण सुधारकांचे आक्षेप अधिक मर्मभेदी होते. स्त्रियांना निराळा अभ्यासक्रम म्हणजे दुय्यम शिक्षण नव्हे काय? सरकारी मान्यता नसलेल्या पदवीला बाजारात किंमत काय? माध्यमिक शाळाच पुरेशा नसताना विद्यापीठ म्हणजे पायाआधी कळस नव्हे काय? हे प्रश्न विचारणारे लोक स्त्रीशिक्षणाचे शत्रू नव्हते, कर्व्यांचे चाहते होते. आजही या आक्षेपांत तथ्य नव्हते, असे म्हणता येणार नाही.

कर्व्यांची भूमिका व्यवहारी होती. रूढ विद्यापीठाचा मार्ग ज्यांना परवडतो त्यांनी त्याच मार्गाने जावे. ज्यांना तो परवडत नाही, त्यांच्यासाठी दुसरा मार्ग असावा. मुख्य म्हणजे त्यांच्या मनात कोणाशी स्पर्धा नव्हती. एखादी गोष्ट योग्य वाटली की लहान प्रमाणात का होईना ती सुरू करायची, आणि मग तिच्यासाठी आयुष्य घालवायचे, ही त्यांची पद्धत. सरकारच्या मान्यतेची वाट न पाहता त्यांनी कामाला सुरुवात केली. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी ते वर्गणीच्या पावत्या घेऊन देशभर फिरू लागले. ज्येष्ठ प्राच्यविद्यापंडित डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी कुलपतिपद आणि रँग्लर र. पु. परांजपे यांनी कुलगुरुपद स्वीकारले. परांजपे हे कर्व्यांचे आप्त. शिक्षणासाठी कर्व्यांच्याच घरी राहिलेले. परिषदेतील भाषणानंतर अवघ्या सहा महिन्यांत, जून १९१६ मध्ये, विद्यापीठ अस्तित्वात आले आणि जुलैत महाविद्यालय सुरू झाले. विद्यार्थिनींची संख्या होती पाच.

पाच मुलींचे विद्यापीठ! पुण्यात या गोष्टीची थट्टा झाली असल्यास नवल नाही.

पंधरा लाखांची देणगी

पहिली चार वर्षे विद्यापीठ वर्गण्यांवर आणि छोट्यामोठ्या देणग्यांवर चालले. कर्वे आणि त्यांचे सहकारी हाती पडेल ते घेत. अशा वेळी मुंबईचे गिरणीमालक सर विठ्ठलदास दामोदर ठाकरसी जगप्रवासाला गेले असता त्यांनी जपानचे तेच महिला विद्यापीठ पाहिले. सोबत सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या होते. मायदेशी परतल्यावर, १९२० मध्ये, ठाकरसींनी कर्व्यांच्या विद्यापीठाला पंधरा लाख रुपयांची देणगी देऊ केली. आपल्या मातोश्रींचे नाव विद्यापीठास द्यावे, ही त्यांची इच्छा होती. तेव्हापासून हे विद्यापीठ श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी विद्यापीठ झाले. मुंबईकरांना ते एसएनडीटी या नावाने परिचित आहे.

देणगीने विद्यापीठाचा पाया भक्कम झाला, पण पदवीला मान्यता मिळण्याचा प्रश्न तसाच राहिला. १९३६ मध्ये विद्यापीठाचे मुख्य ठाणे मुंबईस हलले. स्वातंत्र्यानंतर, १९४९ मध्ये, त्यासाठी कायदा झाला आणि १९५१ मध्ये विद्यापीठाला वैधानिक दर्जा मिळाला. म्हणजे १९१६ पासून तब्बल पस्तीस वर्षे इथल्या मुलींनी सरकारदरबारी न चालणाऱ्या पदव्या घेतल्या आणि प्राध्यापकांनी त्या भरवशावर आपली उमेदीची वर्षे दिली. टीकाकारांनी १९१६ मध्ये विचारलेल्या प्रश्नाची किंमत त्या सर्वांनी मोजली. विद्यापीठ मान्यताप्राप्त झाले तेव्हा संस्थापक त्र्याण्णव वर्षांचे होते आणि ते पाहायला हयात होते, हे भाग्य अपवादात्मकच.

घरातील हिशेब

कर्व्यांच्या त्यागाची कथा सांगताना बाया कर्व्यांचा विचार न करणे अन्यायाचे होईल. घरातला पैसा आश्रमाकडे जाई. विम्याची रक्कमही त्यांनी संस्थेस देऊन टाकली. घरात मुले लहान. उद्याची तरतूद नाही. नवऱ्याने समाजासाठी स्वतःला वाहून घेतले, पण संसाराचे ओझे वाहण्यास एकटी बायको उरली. आनंदीबाई स्वभावाने रोखठोक होत्या. त्यांचे आणि अण्णांचे खटके उडत. सुईणीचे शिक्षण घेऊन त्यांनी स्वतः कमाईचा मार्ग शोधला, घरात विद्यार्थी ठेवले, गाई-म्हशी सांभाळल्या. ‘माझे पुराण’ या आत्मकथेत त्यांनी हे सारे आडपडदा न ठेवता नोंदवले आहे. पुढे वसंत कानेटकरांनी ‘हिमालयाची सावली’ या नाटकातून मराठी रंगभूमीवर उभे केले ते याच दाम्पत्यावरून सुचलेले चित्र होते.

पण बाया केवळ सोसणारी सावली नव्हत्या. तक्रार करीत करीत त्याही त्याच कामाच्या झाल्या. उतारवयात आश्रमासाठी वर्गणी गोळा करायला त्या स्वतः बाहेर पडत. त्यांच्या धाकट्या भगिनी पार्वतीबाई आठवले यांची कहाणी तर स्वतंत्र लेखाचा विषय आहे. विधवा झालेल्या, जेमतेम इंग्रजी जाणणाऱ्या पार्वतीबाई १९१८ मध्ये, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, एकट्या अमेरिकेस गेल्या. तिथे घरकाम करून त्यांनी पोट भरले, इंग्रजी शिकल्या आणि आश्रमासाठी निधी घेऊन परतल्या. उशिरा सुरुवात करण्याची हिंमत कर्व्यांच्या घरात एकट्या अण्णांकडेच होती असे नाही.

मुलांनीही आपापल्या वाटा चोखाळल्या. थोरले चिरंजीव रघुनाथ यांनी संततिनियमनाच्या प्रचारासाठी नोकरीवर पाणी सोडले आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक एकहाती चालवले. दिनकर रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्यांच्या पत्नी इरावतीबाई मानववंशशास्त्रज्ञ आणि लेखिका म्हणून मान्यता पावल्या. शंकर आफ्रिकेत डॉक्टर झाले आणि भास्कर हिंगण्याच्या संस्थेच्या कामात राहिले.

सत्तरीतला प्रवासी

१९२९ च्या मार्चमध्ये कर्वे युरोपला निघाले, तेव्हा एकाहत्तरावा वाढदिवस महिन्यावर आला होता. हिंदुस्थानातल्या महिला विद्यापीठाची माहिती जगाला द्यावी, जमेल तेवढा निधी मिळवावा आणि इतर देशांतले शिक्षण पाहावे, हा उद्देश. इंग्लंडमध्ये माल्व्हर्न येथील प्राथमिक शिक्षकांच्या परिषदेस ते गेले, लंडनला ईस्ट इंडिया असोसिएशनपुढे स्त्रीशिक्षणावर बोलले. डेन्मार्कमधील एल्सिनोर येथे नव्या शिक्षणाविषयीची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती, तिथे त्यांनी आपल्या प्रयोगाची माहिती सांगितली. बर्लिनमध्ये अल्बर्ट आइन्स्टाइन यांची भेट झाली. तिथून अमेरिका आणि मग जपान.

जपानमध्ये त्यांनी तोक्योचे महिला विद्यापीठ पाहिले. ज्या संस्थेची पुस्तिका एकेकाळी बाजूला ठेवून दिली होती आणि नंतर जिच्यावरून आयुष्याची दिशा ठरवली होती, ती प्रत्यक्ष पाहायला मिळाली तेव्हा त्यांच्या स्वतःच्या विद्यापीठाला चौदावे वर्ष चालू होते. एप्रिल १९३० मध्ये ते परतले. घरी स्वस्थ बसणे जमेना. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ते आफ्रिकेला निघाले. केनिया, युगांडा, टांगानिका, झांझिबार, पोर्तुगीज पूर्व आफ्रिका, दक्षिण आफ्रिका असा सव्वा वर्षाचा तो प्रवास होता. तिथल्या हिंदी व्यापाऱ्यांकडून आणि नोकरदारांकडून त्यांनी विद्यापीठासाठी निधी जमवला.

या प्रवासांचे वैशिष्ट्य असे की, कर्वे वक्ते नव्हते. समोरच्याला भारून टाकणारे व्यक्तिमत्त्व त्यांच्यापाशी नव्हते. साधे कपडे, हळू आवाज, मोजके बोलणे. नकार मिळाला तरी चेहऱ्यावर नाराजी नाही. पुन्हा काही दिवसांनी तेच गृहस्थ त्याच नम्रतेने दारात हजर. देणगी मागण्यातला संकोच त्यांनी जिंकला नव्हता. संकोचासह ते मागत राहिले, असेच म्हणणे योग्य ठरेल.

पुन्हा खेड्याकडे

१९३६ मध्ये त्यांचे ‘लुकिंग बॅक’ हे इंग्रजी आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. मागे वळून पाहण्याचे वय झालेच होते, अठ्ठ्याहत्तर वर्षे. त्याच वर्षी त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळाची स्थापना केली.

इथे मुरूडचा तो मुलगा पुन्हा दिसू लागतो. ज्या खेड्यांत सरकारची किंवा लोकल बोर्डाची शाळा नाही, तिथे प्राथमिक शाळा काढायच्या, हे मंडळाचे काम. शिकलेल्या माणसाने पुन्हा निरक्षर होऊ नये म्हणून वाचनाची सोय करायची, हाही हेतू. सोमण गुरुजींच्या सांगण्यावरून देवळात वर्तमानपत्र वाचणारा विद्यार्थी साठ वर्षांनंतर तेच काम जिल्ह्याच्या पातळीवर करू पाहत होता. स्त्रीशिक्षणाच्या कामात बाजूला राहिलेले पहिले स्वप्न त्यांनी अखेर हाती घेतले.

विद्यापीठासाठी लाखांची देणगी मिळवलेला हा माणूस आता पुण्याच्या गल्ल्यांतून आण्या-पैशांची वर्गणी मागत हिंडू लागला. स्वतःच्या तुटपुंज्या निवृत्तिवेतनातला भाग त्यांनी सर्वप्रथम दिला. अनेकांना ते पाहवत नसे. इतक्या थोर माणसाने या वयात दारोदार फिरावे, याची लोकांना लाज वाटे. कर्व्यांना वाटत नसे. छोट्या गावातल्या चार भिंतींच्या शाळेला ते विद्यापीठापेक्षा कमी लेखत नसत. खेड्यांतल्या शाळा थोड्या निघाल्या, थोड्या चालल्या. स्वातंत्र्यानंतर प्राथमिक शिक्षणाचा भार सरकारने अधिक व्यापक प्रमाणावर उचलला आणि मंडळाची गरज संपत गेली. या कामाचे स्मारक कुठे नाही. पण ते एक खासगी ऋण होते. गावाने टाकले तरी गावाचे देणे त्यांनी फेडले.

समतेचा शेवटचा धडा

१ जानेवारी १९४४ रोजी समता संघाची स्थापना झाली. कर्वे तेव्हा शहाऐंशीच्या उंबरठ्यावर होते. माणसामाणसांतली विषमता नष्ट व्हावी, जातीचे अडसर दूर व्हावेत, हे संघाचे ध्येय. ‘मानवी समता’ हे मासिक निघाले. पुढे १९४८ मध्ये जातिनिर्मूलन संस्थेच्या स्थापनेतही त्यांचा पुढाकार होता.

या अखेरच्या कामात आत्मपरीक्षणाचा धागा आहे. हिंगण्याच्या आश्रमाच्या प्रारंभीच्या काळात तिथे प्रामुख्याने ब्राह्मण विधवाच येत. केशवपन आणि सक्तीचे वैधव्य हा त्या वर्गाचाच प्रश्न होता, आणि लोकमत दुखावू नये म्हणून कर्व्यांनी जातीच्या बाबतीत सावध पवित्रा घेतला होता. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांच्यासारखे समकालीन अस्पृश्यतानिवारणाचे काम करीत असताना कर्व्यांची शक्ती एकाच प्रश्नावर केंद्रित होती. एका वेळी एकच लढाई, हे त्यांचे धोरण होते. ते बरोबर की चूक, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. पण राहून गेलेली लढाई आता आपल्या वयाची नाही, असे म्हणण्याची सबब शहाऐंशीव्या वर्षी त्यांना सहज उपलब्ध होती. ती त्यांनी वापरली नाही.

१९५० मध्ये बायांचे निधन झाले. सत्तावन्न वर्षांची सोबत संपली. १९५३ मध्ये रघुनाथरावही गेले. दीर्घायुष्याचा हा दुसरा बाजूचा हिशेब. आपल्या माणसांना निरोप देत राहण्याचा. कर्वे हिंगण्यात शांतपणे राहत होते.

सन्मान मात्र आता रांगेने येऊ लागले. बनारस हिंदू विद्यापीठाने १९४२ मध्येच डॉक्टरेट दिली होती. पुणे विद्यापीठाने १९५१ मध्ये, त्यांच्या स्वतःच्या महिला विद्यापीठाने १९५४ मध्ये आणि मुंबई विद्यापीठाने १९५७ मध्ये त्यांना सन्माननीय पदवी दिली. १९५५ मध्ये पद्मविभूषण आणि १९५८ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, भारतरत्न. १८ एप्रिल १९५८ रोजी मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर त्यांच्या जन्मशताब्दीचा सोहळा झाला. पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू उपस्थित होते. त्याच दिवशी टपाल खात्याने कर्व्यांचे चित्र असलेले तिकीट काढले. हयात भारतीय व्यक्तीवर निघालेले ते पहिलेच तिकीट. ज्या माणसाला आपल्याच गावात पंगतीला बसण्याची बंदी झाली होती, त्याचे चित्र आता देशातल्या प्रत्येक गावात पत्रांवरून पोचत होते. मुरूडलाही.

९ नोव्हेंबर १९६२ रोजी, वयाच्या एकशे पाचव्या वर्षात, पुण्यात त्यांचे निधन झाले.

हिंगण्याचा माळ आता शोधूनही सापडत नाही. तो भाग कर्वेनगर म्हणून ओळखला जातो आणि डेक्कनकडून तिकडे जाणारा रस्ता कर्वे रस्ता. ज्या वाटेने प्राध्यापक कर्वे चिखल तुडवीत चालत जात, तिथे आज सकाळ-संध्याकाळ वाहनांची कोंडी असते. झोपडीतून निघालेली संस्था महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्था म्हणून काम करते आहे. पाच विद्यार्थिनींच्या विद्यापीठाने २०१६ मध्ये शंभर वर्षे पूर्ण केली.

छप्पन्नाव्या वर्षी कर्व्यांनी निवृत्तीचा अर्थ निराळा लावला: नोकरीच्या वेळापत्रकातून सुटका झाली, आता सगळा दिवस कामाला मोकळा. त्या दिवसाचा उपयोग ते पुढे अठ्ठेचाळीस वर्षे करीत राहिले.